चौकशी खिडकीच्या बुधवार संध्याकाळी

कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. कुणी पँटची उंची कमी करायला आला, की ही तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसणार, खडूनं खूण करणार आणि तेवढ्या वेळात त्याची सगळी कुळकथा काढणार. तोंडात टाचण्या असताना माणूस बोलू कसं शकतं, हे एक तिलाच ठाऊक! "कमरेला दोन बोटं सैल करा" म्हणणाऱ्याला ती विचारी, "सासुरवाडीला जाऊन आलात वाटतं?" आणि तो बिचारा लाजून हो म्हणे.

दिवसभर गोळा केलेला हा माल ती संध्याकाळी घरी नेत असे, नवऱ्यासाठी. चोवीस वर्षांचा शिरस्ता होता तो. नवरा लिफ्ट मेकॅनिक. मुळात अबोल, पण ऐकायला एक नंबर. मोक्याच्या जागी "मग?" म्हणणार, नेमक्या ठिकाणी हसणार. अशा माणसाला गोष्ट सांगायची मजाच वेगळी.

दीड वर्षापूर्वी मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि त्याच सुमारास हे "मग?" बंद पडलं. ही ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून रंगवून रंगवून सांगतेय, आणि तो टेबलाशी बसून शेंगा निवडतोय. हू नाही की चू नाही. ती थांबली तरी त्याला पत्ता नाही. दोन-चार वेळा ती फणकारली, मग रुसली, आणि मग हळूहळू तिनं सांगणंच सोडून दिलं. अख्ख्या गावाची चौकशी करणाऱ्या या बाईला घरातला एकच प्रश्न विचारायचा धीर होईना, की अहो, तुम्हाला माझा कंटाळा आलाय का? कारण 'हो' आलं तर काय करायचं?

दुकानात काजं-बटणं करणारी एक पोरगी होती. नवीन लग्न झालेलं, त्यामुळे संसारातलं सगळं कळतं अशी तिची खात्री. तिनं एका मासिकातलं पान फाडून हिच्या हातात ठेवलं. 'लग्न झालेल्या जोडप्यांसाठी स्वस्त आणि मस्त संध्याकाळी.'

"काकू, डेटवर जा काकांबरोबर."

"अगं, या वयात? लोक हसतील."

"हसू देत की! फुकटात करमणूक होईल त्यांची."

चौकशी खिडकीनं ते पान बसमध्ये तीनदा वाचलं. घरी येऊन नवऱ्यापुढे धरलं. वाटलं होतं, नाक मुरडेल. पण त्यानं चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "बुधवारी मी लवकर सुटतो. बुधवार ठरवू या." ती चाटच पडली. कंटाळलेला माणूस इतक्या चटकन हो म्हणेल कसा?

पहिला बुधवार गच्चीवरच्या जेवणाचा. मासिकात लिहिलं होतं, दोन खुर्च्या, एक मेणबत्ती आणि घरचंच जेवण. मेणबत्ती वाऱ्यानं सात वेळा विझली. आठव्यांदा त्यानं ती रिकाम्या बरणीत ठेवली, तेव्हा कुठे टिकली. छान उजेड पडला होता, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ती हळूच म्हणाली, "किती वर्षांनी बसलो ना असं?" तो मेणबत्तीकडे बघत घास चावत राहिला.

दुसऱ्या बुधवारी जुना बाजार. खेळ असा, की दोन कप चहाच्या पैशात एकमेकांसाठी सगळ्यात निरुपयोगी वस्तू शोधायची. आणि काय सांगू, तिथे हा माणूस असा खुलला की यंव! विक्रेते बोंबलताहेत, हातगाड्या खडखडताहेत, कुणीतरी जुना रेडिओ चालतो हे दाखवायला फुल्ल आवाजात लावलाय, आणि त्या गदारोळात हे दोघं गप्पा मारताहेत! तिनं त्याच्यासाठी दार नसलेली कडी घेतली. त्यानं तिच्यासाठी कुणा अनोळखी जोडप्याचा लग्नातला फोटो आणला. मग त्या फोटोतला नवरा इतका घाबरलेला का, यावर दोघांची जुंपली.

"बूट चावत असणार," ती ओरडली.

"छे, बूट उसने आहेत. परत द्यायची घाई आहे," तो म्हणाला.

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना ती तरंगतच होती. घरात शिरल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "फोटो कुठे लावू या?" तो मुकाट्यानं पाणी प्यायला निघून गेला. फुग्याला टाचणी लागावी तसं झालं तिला.

तिसऱ्या बुधवारी वाचनालय. समोरासमोर बसायचं आणि पुस्तकात आवडलेली ओळ दुसऱ्याला वाचून दाखवायची. कल्पना ज्याची कोणाची होती, त्याला दंडवत! तिनं कुजबुजत तीन ओळी वाचल्या. त्यानं एकदाही मान वर केली नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा मात्र तिसऱ्या ओळीला "वा" म्हणाला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं हिशेब जुळवला. बाजारात बोलतो, गच्चीत गप्प. गर्दीत हसतो, घरात मुका. म्हणजे याला माणसं हवीत, फक्त मी एकटी नको. दुकानात शिलाईच्या एका टाक्यावरून ती माणसं ओळखायची, आणि तिचे अंदाज सहसा चुकत नसत. त्यामुळे हाही बरोबरच असणार, असं धरून ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.

चौथ्या बुधवारी मासिक म्हणत होतं, 'एकमेकांचं काम पाहा.' एका पैशाचा खर्च नाही. खरं तर तिला जायचं नव्हतं, पण चौकशी खिडकीच ती! लिफ्टच्या वर काय असतं, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बारा मजली इमारतीच्या गच्चीवर एक छोटी खोली होती. कुलूप काढून तो म्हणाला, "ये. कशाला हात लावू नकोस." आत ग्रीसचा वास, धूळ, आणि मधोमध हिरवी मोटर. खाली कुणीतरी बटण दाबलं. मोटर घरघरली, मोठं चाक फिरलं आणि बोटाएवढे जाड तारेचे दोर जमिनीतल्या भोकातून खाली सरकायला लागले.

"अगंबाई! हे सगळं आपल्या डोक्यावर चालू असतं?" ती मोटरच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडली.

"हो मग! तुला काय वाटलं, लिफ्ट आपली आपण चढते?"

किती माणसं बसलीत, ते इथे कळतं का? दोर तुटला तर? हे चाक कुणी बसवलं? ती ओरडून विचारत होती आणि तो पटापट उत्तरं देत होता, अगदी पूर्वीसारखा. मग त्यानं खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. हे तिला माहीत होतं. टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आतल्या बेअरिंगचं दुखणं ऐकायचं. यामुळेच कामावर त्याला 'डॉक्टर' म्हणत. पण आज त्यानं मूठ कानाला लावलीच नाही. ती चक्क दातांत धरली आणि डोळे मिटले.

"अहो, हे काय? कानाला लावतात ना?" ती तशीच ओरडली.

"असं जास्त स्पष्ट लागतं," तो मूठ काढून म्हणाला. "हाडातून येतं आत." मुठीवर दातांचे व्रण पडलेले होते, एक-दोन नव्हेत, पुष्कळ.

खट्टकन मोटर थांबली. खोलीत एकदम शांतता पसरली. तो पाठमोरा होऊन फडक्यानं हात पुसत होता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला माझा कंटाळा आलाय का?"

तो हात पुसत राहिला. एक बोट, दुसरं बोट, तिसरं.

तिला आता रडूच कोसळणार, इतक्यात तिची नजर त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर गेली. दातांचे व्रण. बाजारातला तिचा आरडाओरडा. वाचनालयातली कुजबूज. आता एकदा खात्री करून घ्यायला हवी होती. हा गडी बाराव्या मजल्यावरून खाली बघायला भीत नाही, पण पालीला असा घाबरतो की टेबलावर चढतो. ती त्याच्या पाठीशी उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, पाल! तुमच्या पायाशी."

तो हलला नाही. फडक्याची नीट घडी घातली.

मग ती पुढे गेली, त्याच्या तोंडासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं विचारलं, "कधीपासून?"

त्याला कळलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "दोन्ही कान. आधी वाटलं मळ असेल. कामावर कळलं तर लिफ्टवरून काढतील गं. ऐकू न येणारा मेकॅनिक कोण ठेवेल?"

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगायचं?" त्याचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तूच बोलायची थांबलीस. पोरगी गेली, तुझं मन उडालं. दिवसभर दुकानात बोलून येते, आता माझ्यासाठी काही उरत नसेल. म्हणून तर तू ते मासिकाचं पान आणलंस तेव्हा इतका... म्हटलं, निदान बुधवारी तरी बोलेल."

तिला इतका राग आला, इतका राग आला, की त्याच्या दंडावर तिनं दोन गुद्दे घातले. "मूर्ख माणूस!" ती रडत म्हणाली. "बोलत होते मी! घसा कोरडा होईस्तोवर बोलत होते!" त्याला यातलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक, पण तोही डोळे पुसायला लागला, त्याच ग्रीसच्या फडक्यानं. कपाळापासून गालापर्यंत काळा पट्टा उठला.

उद्या सकाळी कानाचा डॉक्टर, हे तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं, बोटानं कानाकडे खूण करून त्याला बजावूनही टाकलं. त्यानं शहाण्या मुलासारखी मान हलवली. मग तिला काय सुचलं कोण जाणे. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं, आपलं कपाळ त्याच्या कपाळाला घट्ट टेकवलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

तो दचकला. डोळे मोठे झाले. "अगं," तो म्हणाला, "पुन्हा म्हण."

"कंटाळा आलाय का माझा?"

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला, पण कपाळ काढलं नाही. "बोल. थांबू नकोस, बोल."

मोटर पुन्हा घरघरली. खालून कुणीतरी वर येत होतं, येऊ देत. चौकशी खिडकीनं नाक पुसलं, कपाळ आणखी घट्ट टेकवलं आणि दीड वर्षापूर्वीच्या गोष्टीपासून सुरुवात केली. "तर काय झालं, एक माणूस सात पँट घेऊन आला. सातही वेगवेगळ्या मापाच्या..."

"मग?" तो म्हणाला.