जिवंत गोगलगाई : शून्य

ताईच्या नवऱ्याला ऑफिसात सगळे ‘शिक्का’ म्हणायचे. हॉटेलं तपासायच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, झाकणं उचलून नाक मुरडायचं आणि अहवाल लिहायचा, एवढंच काम. निवृत्त झाले तसं नाक मुरडायला घर उरलं. भाऊजींविषयी चांगलं बोलायचा प्रयत्न मी पुष्कळदा केलाय. जमलेलं नाही.

त्यांच्या तावडीतून सुटलेली घरात एकच जागा होती, ताईची माशांची टाकी. तिच्यात चार मासे. त्यातला ढेरपोट्या नावाचा गोल्डफिश सात वर्षांचा. ताई लायब्ररीतल्या नोकरीवरून परतली की तो काचेशी यायचा आणि ती खुर्ची ओढून त्याला दिवसभराचं सगळं सांगत बसायची. घरात दुसरं कोण ऐकणार होतं तिचं?

मग शिक्क्याची नजर टाकीकडे वळली. “टाकी कशी भकास दिसते,” म्हणत त्यांनी दुकानातून पाण्यातली रोपं आणली. ताई म्हणाली, “आधी आठवडाभर बादलीत ठेवू या. काही चिकटून आलं असेल तर कळेल.”

“मी तपासून आणलीत,” भाऊजी म्हणाले. विषय संपला.

पानांखाली चिकटलेली अंडी या थोर तपासनिसाला दिसली नव्हती. महिन्याभरात काचेवर जिकडेतिकडे गोगलगाई. त्यात ताईने सकाळी माशांना खाणं घातलं, की हे मागून जाऊन आणखी एक चिमूट टाकायचे, कारण तिच्या हातचं यांना कधी पुरेसं वाटलंच नाही. माशांनी सोडलेल्या त्या खाण्यावर गोगलगाई पोसल्या. खापर अर्थातच ताईच्या डोक्यावर.

ताईचा उपाय साधा होता. संध्याकाळी काकडीची चकती पाण्यात सोडायची आणि सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगाईंसकट बाहेर काढायची. रोज पंधरा-वीस निघायच्या. “थोडा वेळ लागेल, पण माशांना त्रास नाही,” ती म्हणायची.

“शत्रूला जेवायला घालतेस?” भाऊजी एकटेच हसले. स्वतःच्या विनोदावर हसायला त्यांना दुसरं कुणी लागतच नाही.

एका रविवारी ताई कामावर गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात गोगलगाई मारायच्या औषधाची बाटली. दुकानदाराने दहा थेंब सांगितले होते. “घाबरट लेकाचे,” म्हणत यांनी अर्धी बाटली ओतली. दुपारपर्यंत गोगलगाई काचेवरून टपाटप गळून पडल्या. तळाशी नुसता खच.

“भाऊजी, मेलेल्या काढून पाणी बदलू या का?”

“आधी अहवाल.”

खरंच कागद घेऊन बसला हा माणूस! तारीख, वेळ, औषधाचं नाव आणि शेवटी ‘जिवंत गोगलगाई : शून्य’. खाली झोकदार सही ठोकून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “साक्षीदार लागतो.”

पाणी गढुळायला लागलं होतं. ढेरपोट्या वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. मला ते दिसत होतं. पण बोललो असतो तर तासभर भाषण ऐकावं लागलं असतं. मी सही केली. भाऊजी जेवून आडवे झाले आणि मी सोफ्यावर पेपर वाचत पडलो.

ताई आली तेव्हा चारही मासे पाण्यावर उताणे तरंगत होते. तिने पर्स खाली टाकली, दोन्ही हात पाण्यात घातले आणि ढेरपोट्याला ओंजळीत उचललं. रडली नाही. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

पर्स पडल्याच्या आवाजाने भाऊजी उठून आले. “मासेच कमजोर होते,” ते म्हणाले. “पण गोगलगाय एकही नाही. हे बघ, लेखी आहे.”

ताईने ढेरपोट्याला हळूच टेबलावर ठेवलं, हात पुसले आणि कागद वाचला. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्याकडून तिची काही अपेक्षा उरलीच नव्हती. दुसऱ्या सहीवर बोट ठेवून तिने मला विचारलं, “तू इथेच होतास?”

“हो,” मी म्हणालो.

हल्ली मी गेलो की ताई विचारते, जेवणार का. बाकी काही बोलत नाही.