सासूबाईंचं रबराचं झाड आणि फैजपूरचा विळा

मी आयुष्यात एकदाच कुणाचा तरी जीव घ्यायला निघालो होतो, आणि तेही पाणी पाजून.

जीव होता माझ्या सासूबाईंच्या झाडाचा. रबराचं झाड, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढं. धुळ्याच्या घरी ते त्यांच्या खिडकीत असायचं आणि त्या रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसायच्या. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, माहेरून दागिना मागितला नाही, भांडं मागितलं नाही. हे झाड तेवढं मागून घेतलं आणि धुळे ते जळगाव एसटीत मांडीवर धरून आणलं. (शेजारच्या सीटवर मी होतो. पूर्ण प्रवासात तीन पानं माझ्या तोंडावर होती, पण बोलायची सोय नव्हती.)

यंदा मे महिन्यात तिच्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सुमनला दीड महिन्यासाठी धुळ्याला जावं लागलं. जाताना दूध, गॅस, कुलूप यांबद्दल तिनं एका दमात सांगून टाकलं. झाडाबद्दल मात्र चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. आठवड्यातून एकदा, एकच पेला पाणी.

आता मी पडलो केळीच्या मुलखातला. फैजपूरला आमच्या बागेला पाणी कमी पडलं, की घरात कुणाला जेवण गोड लागायचं नाही. झाड म्हटलं की पाणी, एवढंच आमचं शास्त्र. बाहेर ऊन असं, की चप्पल डांबराला चिकटते, आणि या गरिबाला आठवड्यातून एक पेला? आमच्याकडे पोस्टमनलासुद्धा तांब्याभर देतात! मी रोज पाणी घालायला लागलो. पेला भरत कोण बसतो, म्हणून नळाला नळीच लावली.

त्यात माझा एक दोष आहे. मी हरवतो. दुपारी पडदे ओढलेले, कूलर घरघरतोय, वाळ्याचा वास घरभर पसरलेला, आणि मी हातात नळी धरून त्या रुंद हिरव्या पानांकडे बघत उभा. बघता बघता मला आमची बाग दिसायची. डोक्यावर केळीच्या पानांचं छत, त्यातून गळणारं हिरवं ऊन, पायाखाली गार चिखल, आणि पाटाचं पाणी खळखळत चाललंय. किती छान वाटायचं काय सांगू! खळखळ खरीच आहे, हे मात्र पाय ओले झाल्यावर कळायचं. कुंडी भरून पाणी दिवाणाखाली गेलेलं असायचं.

आठ दिवसांनी खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहान लागली असेल. पाणी वाढवलं. मग पानं गळायला लागली. अजून वाढवलं. पंधराव्या दिवशी खोडाला बुडाशी बोट लावलं, तर पिकलेल्या केळ्यात जावं तसं ते आत गेलं. बूड काळं पडलं होतं. शेंड्याला चार पानं काय ती हिरवी होती.

मी घाबरलो. सुमन ओरडेल याची भीती नव्हती, ती मला सवयीची आहे. पण आई गेल्यापासून ती रोज सकाळी ती पानं पुसत असताना कुणाशी तरी बोलल्यासारखी पुटपुटायची, ते मी ऐकलं होतं. मी फैजपूरला वडिलांना, म्हणजे नानांना, फोन केला. झाडाचं खोड मरतंय एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नाना हजर. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा.

नानांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत केळीशिवाय दुसरं झाड मनावर घेतलेलं नाही. केळीचं कसं, घड उतरला की जुनं खोड कापायचं, मग बुडातून नवं पील जोमानं वर येतं. नानांनी कुंडीभोवती एक फेरी मारली, खोड दाबून पाहिलं, आणि मी "नाना, थांबा" म्हणेपर्यंत मातीपासून चार बोटांवर विळा चालवलासुद्धा. कापल्या जागी, वरच्या अंगाला, पांढरं दूध आलं.

"पाह्य, दूध हाये," नाना म्हणाले. "म्हणजे मुळात जीव हाये. पंधरा दिवसांत पील येईन. शेंडा फेकून दे."

दूध शेंड्याला आलंय आणि बूड कोरडं आहे, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. नाना हात पुसून (माझ्या लेंग्याला) दुपारच्या गाडीनं गेले. शेंडा फेकायला माझा हात होईना. शिवाय कचऱ्यात टाकला असता, तर शेजारच्या अक्कांनी तो पाहिला असता, आणि अक्का सुमनशी रोज बोलतात. म्हणून मी तो गॅलरीत कूलरच्या मागे लपवला. तिथे कूलर गळतो म्हणून बादली ठेवलेली असते, तिच्यात उभा खोचला आणि विसरून गेलो.

त्याच संध्याकाळी सुमनचा व्हिडिओ कॉल आला. झाड दाखवा म्हणाली. गळलेल्या पानांतलं त्यातल्या त्यात हिरवं पान मी उचललं, खोबरेल तेल लावलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. पूर्ण झाड दाखवा म्हणाली, तर रेंज गेली असं मीच ओरडून सांगितलं. पण त्याआधी ती हळूच म्हणाली होती, "आईच्या खिडकीत अस्संच चमकायचं." तेलकट पान हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढचा महिना मी त्या चार बोटांच्या थोटकासमोर खुर्ची टाकून बसलो. रोज दुपारी कूलरच्या वाऱ्यात डोळा लागायचा आणि स्वप्नात पील यायचं. जागा झालो की थोटूक तसंच, फक्त आणखी मऊ.

सुमन ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आली. मी भाषण तयार केलं होतं, ते अर्धंच पाठ झालं होतं. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. एरवी ती माझ्याशी माझ्यासारखं बोलते. पोटातून काही आलं की धुळ्याची बोली येते.

"मायनं झाड कोठे शे?"

मी सगळं सांगितलं. नळी, नाना, विळा, खोबरेल तेल, काहीही लपवलं नाही. तिनं पिशवी तिथेच टाकली. तडक गॅलरीत गेली. ती रडत असणार, म्हणून मी आतच उभा राहिलो. थोड्या वेळानं ती दोन्ही हातांत बादली धरून आली. बादलीत शेंडा होता, चार पानं ताठ, टोकाला लालसर नवा कोंब, आणि खाली पाण्यात पांढऱ्या मुळांचा झुबका.

"हे असं पाण्यात कुणी ठेवलं?"

आयुष्यात हुशार ठरण्याची एवढी सोपी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. पण तिचे डोळे भरलेले होते.

"मीच," म्हणालो, "तुला दिसू नये म्हणून."

ती जी हसायला लागली, ती बादली खाली ठेवून भिंतीला टेकून हसली. आई गेल्यापासून अशी हसली नव्हती. हसता हसता रडली, मग परत हसली.

झाड आता नव्या कुंडीत पुन्हा कमरेपर्यंत आलंय. नाना अजून फोन करून पील आलं का विचारतात, आणि मी येईल म्हणतो. परवा सुमन पुन्हा चार दिवसांसाठी धुळ्याला गेली. झाड मांडीवर घेऊन गेली. मला शेजारच्या अक्कांच्या हवाली केलंय, चिठ्ठी लिहून. अक्का रोज दारात येतात, मला खालपासून वरपर्यंत बघतात आणि एक पेला पाणी देऊन जातात.