गॅसच्या भिंतीवरल्या गोवऱ्या

शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला गॅसचा प्रकल्प यायचा होता. आधी त्याची लांबलचक भिंत झाली आणि लगेच तिच्यावर गोवऱ्या उमटल्या. थापणारी बाई मला शाळेत जाताना रोज दिसायची. गोवरी थापली की तळहात क्षणभर तिच्यावर तसाच ठेवायची, लेकरू निजवताना ठेवावा तसा. वॉचमन ओरडला की हसून चार हात पुढं सरकायची.

"मावशी, आत गॅस येणार. आता गोवऱ्या कशाला?" मी एकदा विचारलं.

"येऊ द्या की, सर. भिंत लई चांगली हाय. दिसभर ऊन खाती."

उद्घाटनाला होम ठरला. पण प्रकल्पाच्या आत काडीसुद्धा पेटवायला बंदी, म्हणून होमकुंड भिंतीबाहेर मांडलं. भटजींनी गोवऱ्या मागितल्या, तर प्रकल्पाचे साहेब वॉचमनकडं बघायला लागले. बाईनं कुणी न सांगताच भिंतीवरल्या वाळलेल्या गोवऱ्या काढल्या, पदरानं पुसल्या आणि पुढं केल्या.

जाळ धरला तशी ती वॉचमनला म्हणाली, "तुमच्या गॅसच्या आधी माझा जाळ झाला, बाबा. आता तरी थापू देशील का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ती शेण कालवत होती आणि वॉचमन बादलीतनं पाणी घालत होता.