तीन लांब शिट्ट्या

मला राग पटकन येतो आणि जाता जात नाही. हा तर मी वर्षभर लोणच्यासारखा मुरू दिला.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि रविवारी फुकटात मुलींचं गाईड पथक चालवते. मुलांचं स्काऊट पथक तेव्हा एक सर बघायचे. घराणं वकिलांचं, गावात वजन, गळ्यात कायम शिट्टी. दोन्ही पथकांचं शिबिर एकत्र निघायचं आणि शिबिरप्रमुख अर्थातच सर. आखणीच्या बैठकीला मात्र त्यांना कधी सवड नसायची. "तुमी ठरवा मॅडम, मले काय सांगता," म्हणायचे आणि पुढच्या शिबिरातल्या सत्काराचं बोलायला लागायचे.

त्या वर्षी शिबिर कौंडण्यपूरला होतं, वर्धा नदीच्या काठी. मी आधी एकटी जाऊन पात्र पाहून आले. कुठे पाय टेकतो, कुठे एकदम खोल होतं, ते घाटावरच्या लोकांना विचारलं. उथळ पाण्याच्या हद्दीवर दोरी बांधली. प्रत्येक मुलीला एक जोडीदारीण दिली. आणि एक नियम घोकून घेतला: तीन लांब शिट्ट्या म्हणजे धोका. हातातलं टाकायचं, जोडीदारणीचा हात धरायचा, काठावर यायचं आणि दोघींचे धरलेले हात वर करायचे. म्हणजे कोण कमी आहे ते एका नजरेत कळतं.

सरांना तीन लांब शिट्ट्या फार आवडल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी त्या चहासाठी वाजवल्या. मग फोटोसाठी. मग आपली चप्पल कोणी नेली ते विचारायला. मी दोनदा सांगितलं, "सर, ही शिट्टी धोक्याची आहे." ते हसले. "पोरी जमा होऊन राहिल्या ना? मंग?"

दुपारपर्यंत पोरी जमा होईनाशा झाल्या. दोरीजवळ एका सातवीतल्या मुलीचा पाय घसरला, ती दोरीखालून पलीकडच्या खड्ड्यात गेली. मी जीव खाऊन तीन शिट्ट्या मारल्या. पाण्यातल्या मुलींनी मान वळवली. "फोटो असन," असं एक जण म्हणाल्याचं मला काठावर स्पष्ट ऐकू आलं. कोणी हललं नाही. तिच्या जोडीदारणीने तिचा स्कार्फ धरून ठेवला होता म्हणून मी पोहोचेपर्यंत ती हाती लागली. बराच वेळ ती पाणी ओकत होती आणि मी तिची पाठ चोळत होते. सर तेव्हा झाडाखाली सरपंचांशी बोलत बसले होते.

परत आल्यावर पालकांची सभा झाली. सर उभे राहिले आणि सगळं खापर माझ्यावर फोडून मोकळे झाले. "मॅडमची शिट्टी पोरी ऐकत नाहीत. ज्याच्या धाकात पोरी नाहीत, त्याने त्यायले नदीवर नेऊ नये." चोराच्या उलट्या बोंबा, पण आवाज खणखणीत होता. त्या मुलीची आई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मी विसरलेली नाही. पथक माझ्याकडून काढून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच पोरी त्याच माणसाबरोबर पाण्यावर जाणार, या विचाराने माझं जेवण सुटलं.

पण रविवारी फुकटात राबायला दुसरं कोण येणार? दोघींनी हौसेने पथक घेतलं, दोघींनीही सोडलं. पावसाळ्याआधी ते परत माझ्या गळ्यात आलं. मी ते मुकाट्याने घेतलं आणि उट्टं काढायच्या तयारीला लागले.

सूडालाही आखणी लागते, आणि आखणी मला येते. चहासाठी आता थाळी वाजायची, फोटोसाठी टाळ्या. शिट्टी फक्त धोक्याची. दर रविवारी मुलींकडून ते इतकं करून घेतलं की त्या झोपेतही हात वर करतील. मग आयांना बोलावलं आणि तीन लांब शिट्ट्यांचा अर्थ त्यांनाही समजावून दिला. सरांना बैठकीचा निरोप पाठवला. ते आले नाहीत. येणार नाहीत, हे मला माहीत होतं.

शिबिर पुन्हा कौंडण्यपूरलाच. शेवटच्या दिवशी पालकांना रोडग्यांचं जेवण होतं, आणि सर पाहुण्यांना घेऊन थेट तेव्हाच उगवले. मुली गोवऱ्यांच्या आराजवळ कणकेचे गोळे वळत होत्या, आया वांगी चिरत होत्या, प्रमुख पाहुणे खुर्चीत बसले होते. सरांनी कॅमेरावाल्याला उभं केलं आणि छाती फुगवून शिट्टी तोंडात घातली. मी त्यांना अडवू शकले असते. मी हातावरचं पीठ झटकत राहिले.

तीन लांब.

गोळे मातीत पडले. मुली जोडीजोडीने धावत आल्या आणि काठावर हात वर करून उभ्या राहिल्या. पण त्यांच्याही आधी आया पोहोचल्या. त्यांनी सरांना घेरलं. "माही पोरगी कुठं हाय? कोन गेलं पान्यात?" एकीने त्यांचा शर्टच धरला. पाहुणे खुर्चीतून उठून विचारू लागले. सर "फोटो, फोटो" असं काहीतरी पुटपुटत होते. मला आत इतकं गार वाटलं की काय सांगू.

मग गेल्या वर्षी खड्ड्यात गेलेली ती मुलगी रांगेतून बोलली. जोडीदारणीचा हात तिने सोडला नव्हता. थट्टा नव्हती, ती खरंच घाबरली होती.

"सर, कोन बुडून राहिलं?"

तिची आई सरांकडे पाहू लागली, आणि ती नजर मी ओळखली. गेल्या वर्षी ती माझ्या वाट्याला आली होती.

मी वर केलेले हात सावकाश मोजले. सगळ्या होत्या.

"पोरी शिट्टी ऐकतात, सर," मी म्हटलं. "आता काढा फोटो."