सीटखालचा नंबर

गाडी घ्यायचं ठरलं ते गणवेशाच्या गठ्ठ्यांमुळे. मी घरी शाळांचे गणवेश शिवते. चार मशिनी आहेत, तीन बाया कामाला येतात. नागपूरच्या गांधीबागेतून कापड आणायचं आणि शिवलेला माल शाळांमध्ये पोचवायचा, हे इतकी वर्षं ई-रिक्षावर चाललं होतं. एकदा दुसरीच्या मुलांच्या पँटींचा अख्खा गठ्ठा रस्त्यात कुठंतरी पडला आणि ते मला शाळेच्या फाटकात कळलं. गाडी चालवायला मी नुकतीच शिकले होते, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. नवीन गाडी झेपणार नव्हती. जुनी घ्यायची तर दलाल नको, सरळ मालकाकडून घ्यावी, म्हणजे ती कोणी नि कशी वापरली हे तरी समजेल, असा माझा हिशोब.

मोबाईलवर पहिली गाडी दिसली ती एका फौजी माणसाची. म्हणजे तो तसं म्हणाला. बदली झाली, गाडी इथून हलवायची आहे, म्हणून स्वस्तात देतोय. मी मागितला नव्हता तरी वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्राचाही पाठवला. गाडी पार्सलनं घरपोच येईल, आधी फक्त टोकनचे पैसे टाका. बोलणं इतकं अदबीचं की मी मोबाईल घेऊन पैसे पाठवायलाच बसले होते. तेवढ्यात ताई आली.

ताई माझी मोठी बहीण. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिची नोकरी झाली. रक्ताच्या नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच आहे की नाही, हे पाहण्यात तिची सगळी वर्षं गेली. तिनं विचारलं, "गाडी पाहिली का तू?"

"फोटो पाहिले न."

तिनं माझा मोबाईल घेतला आणि त्या माणसाला सांगितलं, आमचा एक नातेवाईक तुमच्या त्या गावातच राहतो, तो आज येऊन गाडी पाहून जाईल. फोन कट झाला. नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

त्यानंतर मी घाबरले ती घाबरलेच. शेजारच्या दादांनी सांगितलं की मीटर मागे फिरवतात. जावईबापू म्हणाले, गालिचा उचलून वास घ्या, पुरात बुडालेली गाडी कळते. कोणी म्हणालं कर्जाची नोंद बघ, कोणी म्हणालं इन्शुरन्स बघ, भाच्यानं तर लांबलचक यादीच लिहून दिली. मी हे सगळं छाती-कंबरेची मापं लिहायच्या वहीत उतरवून ठेवलं आणि वाचायला घेतलं की जास्तच गोंधळायचे. माणसाकडं बघून काही कळत नाही, एवढंच मला त्या फौजीवरून कळलं होतं. पण मग कशाकडं बघायचं?

दुसरी गाडी पारशिवनीच्या पुढच्या एका गावात होती. मालक एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. फोनवर ते म्हणाले, "या न, पाहून घ्या. घ्यायचीच असं काही नाही." ताई आणि मी सकाळच्या बसनं गेलो. दारात ते उभे होते, "जय भीम" म्हणाले. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आमच्या घरी आहे तसाच. माझ्या जिवाला तिथंच बरं वाटलं. ताईलाही वाटलं असावं, कारण तिनं पर्समधून भाच्याची यादी काढली नाही.

काकांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. "तीस वर्षं बस चालवली," ते म्हणाले, "आता सायकलबी चालवाले नाही म्हणते." काकूंनी पोहे केले, आग्रह करून दोनदा वाढले. गाडी पांढरी, छोटी, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. कालव्याच्या रस्त्यावर मीच चालवली. काका बाजूला बसले आणि इंजिनाचा आवाज ऐकून मला गिअर सांगत राहिले. मागच्या सीटवर किती गठ्ठे मावतील ते मी मनात मोजत होते. माझ्या बाजूनं सौदा झालाच होता.

परत आलो तेव्हा ताईच्या हातात यादी होती. "काका, चेसिस नंबर कुठं असतो याचा?"

"असंन कुठंतरी. मले कधी पाहाची गरज नाही पडली."

भाच्यानं मोबाईलवर दाखवलं होतं. पुढच्या डाव्या सीटच्या खाली, गालिच्याला एक चीर असते, ती उचलायची. ताईचा गुडघा वाकत नाही, म्हणून मी वाकले. आत धूळ, शेंगदाण्याची टरफलं आणि लोखंडावर ठोकलेली अक्षरं. मी एकेक वाचत गेले, ताई आरसी कार्डावर बोट ठेवून पाहत गेली. शेवटच्या तीन आकड्यांना ती थांबली.

"पुन्हा वाच."

"नऊ, चार, तीन."

"इथं सहा, एक, आठ आहे. तू चुकीचं वाचून राहिली."

मलाही तसंच वाटलं. मी दुसऱ्या बाजूनं गेले, पुन्हा वाचलं. तेच आलं. काकू म्हणाल्या, "सरका वं, मी पाहते." पदर खोचून त्या खाली बसल्या आणि शाळेत पाढे म्हणतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "नऊ. चार. तीन." काकांनी कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं होतं.

ताईनं बॉनेट उघडायला लावलं. आत एक छोटी पत्र्याची पट्टी होती, स्क्रूंनी बसवलेली. तिच्यावरचा नंबर कार्डाशी बरोबर जुळत होता. आता मला काहीच समजेना. एका ठिकाणी जुळतो, दुसऱ्या ठिकाणी नाही, मग गाडी खरी की खोटी? ताई हळू आवाजात म्हणाली, "पट्टी बदलता येते. लोखंडावरचं सहज बदलत नाही." म्हणजे कागद आणि पट्टी एका गाडीची, आणि समोर उभी होती ती दुसरीच.

काका बॉनेटला हात टेकून उभे राहिले. त्यांनी आम्हालाच विचारलं, "मंग ही गाडी कोनाची आहे?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. तो फौजीही असाच सभ्य बोलत होता. हे खरंच आत्ता कळून राहिलं यांना, की माहीत होतं? काही ठरवता येईना, आणि असं निरखून पाहण्याची मला लाजही वाटत होती. पोटात त्यांचेच पोहे होते.

काकू ताईवर चिडल्या. "तुम्ही गाडी घ्याले आल्या का आमच्यावर बट्टा लावाले?" मग एकदम नवऱ्याकडं वळल्या. "म्या तवाच म्हनलं होतं तुमाले. एवढ्या स्वस्तात काहून देऊन राहिला तो मानूस?"

काकांनी सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी नागपुरात एका भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाकडून त्यांनी ती घेतली. त्याला पुण्याला जायची घाई होती. कागद एका एजंटानं करून दिले. "इंजिन पाह्यलं, टायर पाह्यले, चालवून पाह्यली. गाडी मले समजते, बेटा. नंबर कोन पाह्यते?"

"आम्ही घेत नाही, काका," ताई म्हणाली. "पण तुम्हीही कोणाला विकू नका. ठाण्यात जाऊन सांगा."

"मलेच पकडतीन त."

ताईनं यादी पर्समध्ये ठेवली. आम्ही निघालो. काका फाट्यापर्यंत पोचवायला आले, बस येईपर्यंत थांबले. काकू घरातून बाहेर आल्या नाहीत.

बसमध्ये ताई म्हणाली, "काका खोटं बोलत नव्हते."

"कशावरून?"

"ते नाही सांगता येत."

आपण फसलो नाही याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र कोणाच्या तरी घरात जाऊन काहीतरी फोडून आल्यासारखं वाटत होतं.

नऊ-दहा दिवसांनी दुपारी काकांचा फोन आला. एक गिऱ्हाईक आलं होतं. तो माणूस अंगणात बसून चहा पीत होता, काही पाहत नव्हता, विचारत नव्हता, आजच गाडी नेतो म्हणत होता. काका आतल्या खोलीत जाऊन दबक्या आवाजात बोलत असावेत. "बेटा, तुम्ही त्या दिवशी आल्याच नव्हत्या, असं समजू का मी?"

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"बोला न."

"काका, मला नाही कळत."

"मलेबी नाही समजून राहिलं. म्हनूनच त फोन केला."

मी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. ताईला विचारायचं मनात आलं, पण ती काय म्हणणार हे माहीत होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मशिनीवर बसले, एका शर्टाला खिसा उलटा लावला, उसवला. मग फोन लावला. म्हणाले, "काका, त्या दिवशी ताई नसती तर मीच ती गाडी घेऊन आले असते. मलाही कोणी काही सांगितलं नसतं." पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला. त्यांनी काय केलं, मला दोन महिने माहीत नव्हतं. स्वतःहून विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दोन महिन्यांत मला गाडी मिळाली. माझ्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंची. वाकून नंबर मीच वाचला, पट्टी पाहिली, कर्जाची नोंद पाहिली, आणि नावावर करायला बाई आणि मी सोबतच आरटीओत गेलो. सगळं जुळलं. तरी घरी आल्यावर मी पुन्हा एकदा टॉर्च घेऊन सीटखाली पाहून आले.

मग काकूंचा फोन आला. आवाजात राग नव्हता. त्या गिऱ्हाइकाला काकांनी खरं सांगितलं होतं, चहाचा कप तसाच ठेवून तो निघून गेला. काका-काकू दोघं ठाण्यात गेले. गाडी तिथंच ठेवून घेतली. लोखंडावरच्या नंबरावरून ती दुसऱ्या राज्यातून चोरीला गेलेली निघाली, तिकडं मालकानं तक्रार केलेली होती. काकांना दोनदा जबाबाला बोलावलं. पहिल्या वेळी ते रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या वेळी साहेबांनी सांगितलं की तुमचा यात दोष दिसत नाही, स्वतःहून आलात हे बरं केलं. ज्यानं गाडी विकली होती त्याच्या भाड्याच्या घरात आता दुसरेच लोक राहत होते, आणि पुण्यात त्याचा काही पत्ता नव्हता, म्हणजे काकांचे पैसे बुडालेच.

"तुमच्या ताईले सांगजा, गाडी गेली म्हनून," काकू म्हणाल्या. आणि मग, "एक विचारू? आमी बरोबर केलं न वं?"

मी हो म्हणाले. पण त्याआधी मी जरा थांबले होते, आणि ते त्यांना जाणवलं असावं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "ठेवते आता, दळन आनाचं आहे."