घडी न घालता

दादरच्या चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी टीचरनी सांगितलं, कागदावर एक सरळ रेघ ओढा, पट्टी नको, खोडरबर नको. मी ओढली. मग तिच्या बाहेरच्या अंगाला बोटभर जागा सोडून दुसरी, तुटक रेघ ओढली. टीचर माझ्या मागे येऊन थांबल्या.

"ताई, ही दुसरी कशाला?"

"माया सोडली," मी म्हणाले. शिवणीत थोडं कापड आत जातं, म्हणून मापाच्या बाहेर जादा सोडतात, ती माया. सगळा वर्ग हसला. वर्गात माझ्या मुलीच्या वयाची पोरं होती, डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी. हसू देत. मी लग्न झाल्यापासून लालबागला घरी ब्लाउज शिवतेय, हाताला लागलेलं वळण असं एका दिवसात जातं होय? टीचर मात्र हसल्या नाहीत. त्या गिरगावच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, साठीच्या पुढच्या. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, फक्त रागावल्या की इंग्रजीत शिरायच्या. त्या दिवशी मराठीतच म्हणाल्या, "रेघ जिथे आहे तिथेच ओढायची. कागद आत जात नाही."

मी तिथे हौसेने गेले नव्हते. परळच्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली आणि उजवा स्तन काढावा लागला. हा शब्द बायका कुजबुजून बोलतात. मी सरळ लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. त्यानंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, भिंतीला बोटं लावा आणि रोज थोडी वर चढवा. बोटं चढवून मला वैताग आला. मग मी शिवणाचा खडू घेतला आणि हात पोचेल तिथवर भिंतीवर रेघ ओढायला लागले. कालच्यापेक्षा आजची वर गेलीच पाहिजे, एवढाच हट्ट. नवरा कामावरून आला की भिंतीकडे बघून म्हणायचा, "काय गो, घराची शाळा केलंस?"

मुलीनेच या वर्गाची माहिती काढली. म्हणाली, "आई, भिंत सोड आता. तिथे उभं राहून मोठ्या कागदावर काढायला लावतात." मी चौकशीला गेले तेव्हा आतल्या खोलीत वरचा वर्ग चालला होता. एक म्हातारे गृहस्थ उघड्या अंगाने स्टुलावर बसले होते आणि पंधरा-वीस जण त्यांना बघून काढत होते. वाकलेली पाठ, सुटलेलं पोट, एक खांदा खाली. त्या खोलीत त्यांची कीव कोणी करत नव्हतं आणि नजरही कोणी चुकवत नव्हतं. माझ्याकडे मात्र तेव्हा लोक या दोनच तऱ्हांनी बघायचे, गिऱ्हाइकंसुद्धा, घरचीसुद्धा. मी दारातच ठरवलं की मला आत, त्या खोलीत बसायचंय. फी घेणाऱ्या मुलीने सांगितलं, आधी सुरुवातीच्या वर्गात पास व्हावं लागेल. म्हटलं, होईन.

बोलणं सोपं होतं. रेघेत मी कशीबशी निभावले. हलकी रेघ, दाबून काढलेली रेघ, घाबरत काढलेली रेघ, टीचरना लांबूनही फरक कळायचा. माझी गाडी अडली ती आकारावर. टेबलावर एक तांब्या ठेवला होता. सगळे डोळे बारीक करून, पेन्सिल समोर धरून त्याचं माप घेत बसले. मला हसू आलं. ब्लाउजची पाठ आम्ही कशी कापतो? कापड दुमडायचं, अर्ध्याच अंगाचं माप आखायचं, दोन्ही थरांतून कात्री चालवायची. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. मी कागद मधोमध दुमडला, अर्धा तांब्या काढला, खिडकीच्या काचेवर धरून दुसऱ्या बाजूला गिरवला. वर्गात सगळ्यांच्या आधी माझं झालं आणि माझ्या तांब्याइतका नेमका तांब्या कोणाचाच नव्हता.

टीचरनी कागद उजेडात धरला. मधली घडी दिसली.

"हा तांब्या नाही, ताई. हे तांब्याचं कटिंग आहे."

"पण दोन्ही बाजू बरोबर आहेत की."

"दोन्ही बाजू एकच आहे. दुसरीकडे तुम्ही बघितलंच नाहीत." मग त्यांनी तांब्यावर बोट ठेवलं. डाव्या कुशीला चांगला अंगठ्याएवढा पोचा होता. इतका वेळ माझ्या समोरच होता तो. "पुढच्या वर्गात माणूस काढायचा असतो," त्या म्हणाल्या. "घडी घालून माणूस काढता येत नाही. तुम्हाला भरतकामाचा वर्ग जास्त बरा पडेल, बघा विचार करून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चिडून दादरहून लालबागपर्यंत चालत आले. भरतकाम मला काय नवीन होतं? पण सगळ्यात जास्त झोंबलं ते दुसरंच. एवढ्या वर्षांत दोन्ही खांदे सारखे असलेली एक बाई मला भेटलेली नाही. कोणाचा खांदा पर्स अडकवून उतरलेला, कोणाची पाठ एकीकडे भरलेली. मी गुपचूप एका बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोलवा, जरा खोल कापते, वर काही बोलत नाही आणि बाई म्हणते, तुमचंच फिटिंग बसतं हो. म्हणजे मला माहीत होतं. तरी पेन्सिल हातात आली की मी घडी घालत होते. का, ते मला परळ ओलांडेस्तोवर कळलं आणि कळल्यावर मी रस्त्यातच उभी राहिले. ऑपरेशननंतर मी स्वतःसाठी मलमलीत कापूस भरून एक पॅड शिवलं होतं, डावीच्या मापाचं, आणि ते घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हते. आरशात बघतानाही मी फक्त डावी बाजू बघायचे. उजवी तशीच आहे असं धरून चालायचे.

दुसऱ्या दिवसापासून घरातला तांब्या ओट्यावर ठेवला आणि काढत सुटले. कागद दुमडायचा नाही, ही शपथ. हात दुखला तर दुखू दे. नवऱ्याने एकदा डोकावून बघितलं.

"तांब्यो वाकडो कशाक काढलंस?"

"वाकडोच आसा तो. तुमच्याच हातातून पडललो."

तो चहाचा कप घेऊन बाहेर गेला.

पुढच्या धड्यांत मी चुकले, पण बघणं सोडलं नाही. उजेड एका अंगाने येतो म्हणून दुसऱ्या अंगाला छटा गडद होते, हे मी कापडाच्या चुणीत रोज बघते, पण पेन्सिलीने काढायला घाम फुटला. खडबडीत आणि गुळगुळीत यांतला फरक शिकताना तर मी खण आणि सॅटिनचे तुकडेच वर्गात नेले. मग एके दिवशी टीचरनी एक खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, खुर्ची काढू नका. तिच्या पायांच्या मधली, हातांच्या खालची रिकामी जागा तेवढी काढा. पोरं वैतागली. मी काढत गेले, एकेक रिकामा तुकडा, त्याची कड न्याहाळत, आणि सगळे तुकडे झाल्यावर कागदावर खुर्ची उभी होती. "रिकाम्या जागेलाही आकार असतो," टीचर म्हणाल्या. त्या सगळ्यांना उद्देशून बोलत होत्या. मला वर्गात रडायचं नव्हतं, म्हणून मी पेन्सिलीला टोक करत बसले.

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने घरून आरसा आणायचा होता. विषय, कमरेपासून वर आपण स्वतः. शिकलेलं सगळं त्यात आलं पाहिजे. जो पास होईल तो आतल्या खोलीत.

मी आरसा टेकवून बसले. समोर मी होते, पॅड घातलेली, दोन्ही बाजूंनी सारखी. हे चित्र मी डोळे मिटूनही काढलं असतं. डावा खांदा काढला आणि हात आपोआप उजवीकडे तेच माप घ्यायला निघाला. मी पेन्सिल ठेवली. उठले, बाथरूममध्ये गेले, पॅड काढून पिशवीत टाकलं आणि परत येऊन बसले. ब्लाउज उजवीकडे सैल पडला होता, त्याला आडवी चुणी आली होती. मला भीती वाटत होती, हेही सांगते. शेजारच्या मुलीने एकदा बघितलं आणि आपल्या आरशात तोंड घातलं. मी ती चुणी काढली. तिच्याखालची सावली काढली. हात आणि छाती यांच्या मधली रिकामी जागा एकीकडे अरुंद होती, एकीकडे रुंद. दोन्ही काढल्या, जिथे होत्या तिथेच.

टीचर माझ्या चित्रापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, त्या आता कीव करतील.

"उजवी बाजू तुम्ही बघून काढलीत," त्या म्हणाल्या. "डावा हात मात्र न बघता, सवयीने. इथे कोपर बघा कुठे गेलंय."

मी बघितलं. खरंच चुकलं होतं.

"सोमवारपासून आतल्या खोलीत या. कागद मोठा आणा."

घरी आल्यावर मशीनवरची गिऱ्हाइकांची कापडं बाजूला केली आणि स्वतःसाठी आणून ठेवलेलं हिरवं खणाचं कापड काढलं. ते कित्येक महिने तसंच पडून होतं. फरशीवर पसरलं, हाताने सपाट केलं. आरशासमोर उभी राहून टेपने आधी डावीचं माप घेतलं, मग उजवीचं. मग खडू घेतला आणि घडी न घालता दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या.