पायातली सुटलेली प्लेट

नळदुर्गजवळ हायवेवर ट्रकनं उडवलं आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढं धाराशिवच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय करून घेतला. उरलेला पाय ज्यात बसतो ती कार्बन फायबरची काळी वाटी, तिच्या बुडाशी रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, चिकटवलेली ॲल्युमिनियमची प्लेट, प्लेटच्या खाली नळी आणि पाऊल. तळहातापेक्षा लहान त्या प्लेटवर माझं सगळं वजन.

नणंद बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. एका सकाळी मी तिच्या बाळाला गच्चीवर कोवळ्या उन्हात घेऊन गेले. उतरताना जिन्याच्या मध्यावर पायातून 'कट्' असा आवाज आला आणि पाऊल आपोआप थोडं बाहेर वळलं.

मी जागीच थांबले. कठडा उजव्या हाताला, बाळ दोन्ही हातांत. वजन उजव्या पायावर घेऊन भिंतीला पाठ घासत मी पायरीवर बसले. नणंदेला हाक मारली.

ती वर आली. "वहिनी, काय झालं?"

"बाळाला घे आधी."

"लागलं का तुमाला?"

"न्हाई. तू घे त्याला."

तिनं बाळाला घेतलं. उरलेला जिना मी बसूनच उतरले.

पाय काढून ठेवला आणि कुबड्या घेतल्या. मालकांनी मला एसटीनं धाराशिवला नेलं. पाय करणारे दादा चाळिशीतले, शांत. त्यांनी वाटी टेबलाला लावलेल्या लोखंडी शिकंज्यात घट्ट धरली, नळी पिळली. फायबरला तडे गेले होतेच. दादांनी तो भाग कापताच प्लेट डब्याच्या झाकणासारखी अलगद बाहेर आली. स्वच्छ, चकचकीत. तिला रेझिनचा कणसुद्धा चिकटला नव्हता.

दादांनी ती उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"धरलंच न्हाई हिनं," ते म्हणाले. "घासायला कमी पडली, न्हाईतर तेलकट राहिली. चूक माझी हाय, ताई."

मालकांचा आवाज चढला. "बाळ होतं हिच्या हातात."

दादांचा चेहरा उतरला. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं: इतके महिने मी नुसत्या अडकून बसलेल्या पत्र्यावर चालत होते.

माझ्या पायाचा जुना प्लास्टरचा साचा त्यांनी जपून ठेवला होता. वाटी नव्यानं करायची ठरली. मी म्हटलं, मला समोर बसून बघायचंय. ते म्हणाले, "बसा."

त्यांनी नवी प्लेट घेतली, सॉल्व्हंटनं पुसली आणि पेटीत धरून तिच्यावर हवेच्या जोरानं वाळूसारख्या बारीक खरीचा मारा केला. चकाकी जाऊन ती राखेसारखी दिसायला लागली. पुन्हा धुतली. मी नकळत हात पुढं केला.

"बोट लावू नका, ताई. बोटाचं तेलबी पुरतं तिला."

मी हात मागं घेतला आणि पदरात धरून बसले. त्यांनी वर पाणी सोडलं. थेंब गोळा झाले असते तर तेल राहिलंय असं समजून पुन्हा धुवावी लागली असती. पाणी सगळीकडं सारखं पसरलं. प्लेट वाळवून, वेळ न घालवता त्यांनी ती साच्यावर बसवली. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच थर धरतो आणि मग रेझिन नीट चिकटत नाही म्हणे. मग काळं कापड चढलं, प्लॅस्टिकची पिशवी चढली, आतली हवा ओढणारा पंप लागला, रेझिन हळूहळू कापडात उतरलं. माझं लक्ष फक्त त्या प्लेटच्या जागेवर. आता ती कापडाखाली झाकली गेली होती. आत धरतेय की नाही, हे दिसायची सोय नव्हती.

पुढच्या खेपेला पाय घालून, चालायच्या सरावासाठी लावलेल्या दोन दांड्यांमध्ये उभी राहिले. दादांनी आधी वाटी शिकंज्यात धरून, नळी अंगाचा जोर लावून पिळून दाखवली होती. तरी माझे हात दांडीवरून सुटेनात. दादा समोर येऊन उलटे चालायला लागले.

"माझ्याकडं बघा, पायाकडं न्हाई."

मी चालले. आवाज आला नाही.

त्यावर आता पावसाळा होऊन गेला. पाय पक्का आहे. पण रोज सकाळी घालायच्या आधी मी वाटी दोन्ही गुडघ्यांत दाबून नळी दोन्ही हातांनी पिळून बघते. कधी मन भरत नाही, मग पुन्हा बघते. मालक बाहेर मोटारसायकल चालू करून माझ्यासाठी थांबलेले असतात. हॉर्न वाजवत नाहीत.